अध्यक्षांनी गिळलेली फीत

तुम्ही कधी एखाद्या सरड्याचा मत्सर केला आहे का?

हसण्याआधी नीट आठवून बघा. माणसांचा मत्सर सगळेच करतात. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचा, बँकेत लागलेल्या चुलत भावाचा मीही केला आणि तो यथावकाश ओसरला. सरड्याचा मात्र ओसरला नाही. त्याला एक कारण आहे, आणि ते कारण म्हणजे आमच्या बाई.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या नेरूळच्या एका खोलीच्या घरात देवघर नव्हतं. त्या जागी एक फळी होती आणि तिच्यावर वडिलांनी मराठवाड्यातून येताना आणलेली, नंतर इथे जमवलेली पत्रकं. पाण्याची, फीवाढीची, जमिनीची, मंडळाच्या वर्धापनदिनाची. बाराखडी संपल्यावर मी पहिलं सलग वाक्य वाचलं ते 'बंधूंनो आणि भगिनींनो' असं होतं. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर मी बाईंच्या घरी पोचले यात कुणाला नवल वाटलं नाही. सेक्टरमधली सगळी पत्रकं बाईंच्या घरात लिहिली जायची.

बाई पूर्वी मुंबईत रात्रशाळेत शिकवायच्या. म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले आजोबासुद्धा. केस पांढरे आणि मानेपर्यंत कापलेले, हातात पुरुषी घड्याळ, पायात टायरच्या चपला. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. सेक्टरच्या प्रश्नांसाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेला कार्यालय नव्हतं, म्हणून बाईंचं स्वयंपाकघर हेच कार्यालय. पत्रकं तांदळाच्या डब्यात, कारण तिथे उंदीर शिरत नाहीत. ब्रश चमच्यांच्या स्टँडमध्ये. पोस्टर चिकटवायची खळ दुधाच्या पातेल्यात. एकदा बाहेरगावाहून आलेल्या एका कार्यकर्त्याला त्यांनी त्याच पातेल्यातून चहा गाळून दिला. तो बिचारा आदराने प्यायला. बाईंनी स्वतःचा घोट घेतला, कपात बघितलं आणि म्हणाल्या, "आज चहा घट्ट झालाय." दोघांनीही कप संपवले.

बाईंना चिडलेली माणसं आवडत, पण चिडून बोलणारी आवडत नसत. मी तावातावाने दारातून आत शिरले की त्या म्हणायच्या, "आधी बस. मग चीड." बसायला खिडकीखाली एक बुटकं स्टूल होतं. सकाळचं ऊन बरोबर तिथे यायचं. मी त्या स्टुलावर बसून मसुदा वाचायचे आणि बाई डोळे मिटून ऐकायच्या. एखादं वाक्य फुगलेलं असलं की डोळे न उघडता बोट वर करायच्या. त्या बोटाची मला भीती वाटायची, आणि त्या बोटासाठीच मी लिहायचे.

ती जागा माझी होती.

मग बाईंचा भाऊ जहाजावरून आला. तो बोटीवर इंजिनात कामाला होता, महिनोन् महिने दिसायचा नाही. या खेपेला तो न्हावा-शेव्याला उतरला आणि बाईंना बुटांच्या खोक्यातून एक हिरवागार सरडा देऊन गेला. परदेशातला, इग्वाना जातीचा. तेव्हा वीतभर होता, पुढे शेपटीसकट हातभर झाला. पाठीवर काट्यांची ओळ, गळ्याखाली लोंबती कातडी, चेहरा कायम कुणीतरी अपमान केल्यासारखा. तो बंदरातून बाहेर कसा आला हे बाईंनी कधी सांगितलं नाही. रेशनच्या दुकानात मापात मारलेलं मूठभर धान्य ज्यांनी साऱ्या रांगेसमोर पुन्हा मोजायला लावलं होतं, त्या बाई या एका बाबतीत गप्प राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आला तो आला. आता परत पाठवायचा का बोटीत?"

त्याला ऊन लागतं म्हणून खिडकीखालचं स्टूल त्याला मिळालं. मी चटईवर बसू लागले.

त्याचं नाव अध्यक्ष. तो कपाटावर चढून बसायचा आणि खाली बैठक चालू असताना सगळ्यांकडे वरून बघायचा, म्हणून हे नाव पडलं. मधूनच तो मान वरखाली करायचा, ठासून, जणू सगळं पटलंय. मी लायब्ररीत जाऊन वाचून आले होते. हे सरडे मान हलवतात ते धमकी देण्यासाठी, 'ही जागा माझी आहे' असं सांगण्यासाठी. मी ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बरोबरच आहे. अध्यक्ष आणखी काय करतात?"

इथवर मी सोसलं. पण पुढे बाईंनी मसुदे त्याच्यासमोर वाचून घ्यायला सुरुवात केली.

"वाच," त्या म्हणायच्या. मी वाचायचे. बाईंचे डोळे आता मिटलेले नसायचे, ते कपाटाकडे असायचे. अध्यक्षांनी मान हलवली तर परिच्छेद राहायचा. ते नुसते बसून राहिले तर बाई म्हणायच्या, "हे जरा सैल झालंय बघ." गंमत करत होत्या हे मला कळत होतं. शेवटी निर्णय त्यांचाच असायचा हेही कळत होतं. पण मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटलेली मुलगी. माझा परिच्छेद सरड्याच्या मानेवर टांगलेला बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शिवाय तो माझ्याच परिच्छेदांना गप्प बसतो असा मला दाट संशय होता.

त्याचं जेवण हा सोहळा असायचा. शेवग्याचा पाला, मेथी, भोपळ्याची पानं. शेजारच्या जुन्या गावातली एक भाजीवाली मावशी रोज दारावर यायची आणि पाल्याची जुडी फुकट देऊन जायची. "बाय, तुजा सरडा जेवला का?" हा तिचा पहिला प्रश्न. सगळ्यात शेवटी जास्वंदीची लाल फुलं. ती त्याची मिठाई. बाई एका सुपात पाला पसरायच्या, वर फुलं ठेवायच्या, सूप फरशीवर ठेवून बाजूला व्हायच्या. अध्यक्ष कपाटावरून उतरायचे, पाला ओलांडून थेट लाल रंगाकडे जायचे आणि फूल अख्खं गिळायचे.

आता त्या दिवसाकडे येते.

आमच्या सेक्टरमध्ये दवाखान्यासाठी राखून ठेवलेली एक मोकळी जागा होती. नुसती पाटी होती, 'दवाखान्यासाठी राखीव'. पाटीखाली गवत आणि गवतात क्रिकेट. ती जागा एका बिल्डरला देण्याचं घाटतं आहे अशी बातमी आली आणि बाईंनी त्याच मैदानात सभा ठेवली. बोलणार होत्या बाई. भाषणाचा मसुदा माझा होता. किती रात्री त्यासाठी जागले ते सांगत नाही, पण त्या मसुद्यात एकही फुगलेलं वाक्य नव्हतं. मला त्या संध्याकाळी बाईंच्या तोंडून माझी वाक्यं ऐकायची होती. बस, एवढंच हवं होतं.

आदल्या दिवशी बायकांनी बाईंच्या घरी बसून स्वयंसेवकांसाठी लाल सॅटिनच्या फिती कापल्या. छातीवर लावायच्या त्या. कापून झाल्या तशा हाताशी जे होतं त्यात टाकल्या. हाताशी सूप होतं.

सकाळी मी शेवटचा मसुदा घेऊन गेले तेव्हा दार उघडंच होतं आणि बाई फरशीवर पालथ्या झोपल्या होत्या. त्यांची हनुवटी फरशीला टेकलेली. समोर वीतभर अंतरावर अध्यक्ष. मध्ये फितींचं सूप. अध्यक्षांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाल फितीचं एक टोक लोंबत होतं आणि ते जबडा हलवत होते. प्रत्येक हालचालीबरोबर फीत थोडी आत जात होती.

खरं म्हणजे त्याची चूक काहीच नव्हती. रोजचं सूप, रोजचा रंग.

मी पुढे झाले आणि हात लांब केला.

"ओढू नकोस," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तसा आवाज मी त्यांच्याकडून पूर्वी ऐकला नव्हता.

"अहो बाई, बाहेर आहे तोवर..."

"किती आत गेली आहे माहीत आहे तुला? नाही ना? मग ओढू नकोस. रिक्षा बघ."

आमच्याकडे माणसांचा दवाखाना नव्हता तिथे सरड्याचा कुठला असणार. गुरांचा सरकारी दवाखाना होता तो पनवेलला. मी म्हटलं, "बाई, संध्याकाळी सभा आहे." बाईंनी ऐकलं नाही किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या उशीचा अभ्रा काढत होत्या. अभ्र्यात अध्यक्षांना घातलं, फक्त तोंड बाहेर. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू धर. तुझं अंग गरम असतं. माझं गार. याला थंडी वाजता कामा नये."

अशा रीतीने मी माझ्या प्रतिस्पर्ध्याला ओढणीखाली पोटाशी धरून पनवेलला निघाले.

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "मॅडम, क्या है उसमें? साप असेल तर आत्ताच सांगा, आपुन नाय येनार."

"सरडा आहे," बाई म्हणाल्या.

"सरड्याला पनवेलला?"

"आजारी आहे."

त्याने थोडा विचार केला. "मग ठीक आहे," तो म्हणाला आणि खड्डे चुकवू लागला. माझी आई आजारी असताना कुणी रिक्षावाल्याने खड्डे चुकवलेले मला आठवत नाहीत.

कळंबोलीला लोखंडाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. सळया लादलेले ट्रेलर एकामागे एक उभे, ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होते. आम्ही उन्हात थांबलो. बाई सारख्या वाकून ओढणीखाली बघायच्या. "श्वास घेतोय ना?" घेत होता. त्याचं पोट माझ्या पोटावर हलत होतं. नखं अभ्र्यातून टोचत होती. आणि बाईंच्या चेहऱ्यावर ते होतं जे बघण्यासाठी मी वर्षभर मसुदे लिहीत होते. फक्त ते माझ्याकडे वळलेलं नव्हतं. माझ्या पोटाकडे वळलेलं होतं, पण माझ्यासाठी नव्हे.

गुरांचे डॉक्टर म्हशीला इंजेक्शन देऊन हात धूत होते. त्यांनी अभ्र्यात डोकावून बघितलं आणि खुर्चीत बसले.

"बाई, मी म्हशीचा डॉक्टर आहे. फार तर कुत्रा. हे काय आहे?"

"सरडा आहे. फीत गिळलीये."

"म्हशीच्या पोटातून मी चप्पल काढलीय, प्लास्टिक तर रोज निघतं." ते उठले आणि टॉर्च घेऊन आले. "धरा घट्ट." धरायचं मलाच होतं. त्यांनी चमच्याच्या दांड्याने जबडा हळूच उघडला, जिभेखाली बघितलं. मग चिमट्यात फीत धरून अगदी थोडा ताण दिला आणि लगेच सोडली. "अडकतेय. कोणी ओढली नाहीत ना घरी?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"चांगलं केलंत. लोक ओढतात. दोरी असो, फीत असो, एक टोक आत कुठेतरी धरलेलं असतं. तुम्ही ओढलीत की आतडं तिच्यावर गोळा होतं आणि ती सुरीसारखी कापते. मग जनावर गेलं." त्यांनी बाहेरचं टोक कात्रीने सरळ कापलं, नखांत अडकू नये म्हणून. "या फितीला टाचणी होती का?"

"काही फितींना लावल्या असतील," त्या हळू म्हणाल्या. "बायका कापत होत्या. मी बघितलं नाही."

"टाचणी असेल तर आजच मुंबईला मोठ्या इस्पितळात न्या. फोटो काढून पोट उघडावं लागेल. वाचेल की नाही सांगता येत नाही. नसेल तर वाट बघता येईल."

"टाचणी नव्हती," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"टाचण्यांची डबी माझ्याकडे आहे. मी कालच घरी नेली. मैदानात लावणार होतो." मी पिशवीतून डबी काढली. तिचं कागदी सील तसंच होतं.

बाईंनी डबी हातात घेतली, सीलवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. इतका वेळ ओढणीकडे बघत होत्या तसं, माझ्याकडे. मला तेवढं पुरलं असतं, जर तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या हातावर घाण केली नसती. बाई लगेच वाकून ती बघू लागल्या. फीत नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. अंग गरम राहू द्या, गारठला की यांचं पचन थांबतं. रोज कोमट पाण्यात बसवा, पाणी पोटाच्या वर येऊ देऊ नका. ओला पाला द्या. विष्ठा रोज तपासा. खाणं टाकलं, पोट फुगलं, उलटी झाली तर एक तासही थांबू नका, मुंबई गाठा. "आणि उलटी व्हावी म्हणून काही पाजू नका," ते म्हणाले. "मीठपाणी, तेल, कुणी काहीही सांगेल."

परतताना कळंबोलीला पुन्हा तेच. आम्ही मैदानाशी पोचलो तेव्हा सभेची वेळ टळली होती. लोक मात्र होते. नेहमीपेक्षा जास्तच होते.

"उतर," बाई म्हणाल्या. "बोल जा."

"मी? बाई, लोक तुम्हाला ऐकायला आलेत."

"लोक दवाखान्यासाठी आलेत. मसुदा तुझाच आहे ना? चांगला आहे. त्याने परवा मान हलवली होती." मग हात पुढे केले. "आधी त्याला दे माझ्याकडे. नीट. शेपटी सांभाळ."

मी बोलले. मी मेले तरी ते भाषण विसरणार नाही. एकही शब्द अडखळला नाही. लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं, टाळ्याही वाजल्या. मग मी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय का?"

मागच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. "सगळं बरोबर आहे गं बाळ. पण अध्यक्षांचं काय झालं?"

मैदान एकदम शांत झालं. माझ्या भाषणात इतकं शांत झालं नव्हतं. तेव्हा मला कळलं की सकाळपासून साऱ्या सेक्टरमध्ये बातमी फिरली होती आणि निम्मे लोक ती ऐकायला आले होते. मी दात खाऊन सगळं सांगितलं. कळंबोलीचे ट्रेलर, चिमटा, टाचणी, कोमट पाणी.

"डाक्टर चांगला होता का?" कुणीतरी विचारलं.

"चांगला होता."

"पैसे घेतले का त्याने?"

"नाही. सरकारी दवाखाना आहे."

भाजीवाली मावशी टोपलीशेजारी बसली होती ती उठली. "म्हंजी जनावराला सरकारी डाक्टर हाय," ती म्हणाली. "पनवेलला का व्हईना, हाय. आनि आमच्या सुनंला ताप आला तं आमी कोनाकरं जाव?"

कुणी हसलं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणाची आई, कुणाचं मूल, कुठल्या रात्री किती धावाधाव. माझ्या मसुद्यात हेच होतं, तिसऱ्या परिच्छेदात, जास्त चांगल्या मराठीत. पण ते उठले मावशीच्या वाक्यावर, आणि मावशीचं वाक्य आलं सरड्यावरून. पुढच्या आठवड्यात जागा वाटणाऱ्या सरकारी कार्यालयावर मोर्चा न्यायचं तिथेच ठरलं.

मोर्च्यापर्यंतचे दिवस बाईंचं घर म्हणजे बाळंतिणीची खोली झाली होती. बायका पातेल्यातून गरम पाणी आणत. कोपर बुडवून ते अंगाला सोसेल का बघत. घमेल्यात अध्यक्ष बसलेले, डोळे अर्धे मिटून, गळ्याची कातडी पाण्यावर तरंगणारी. कपाटावर उबेसाठी दिवा लावला होता. जे लोक आमच्या बैठकांना कधी फिरकले नव्हते ते "कसं काय आहे?" विचारायला येत, आणि आलेच आहात तर बसा म्हणून बाई त्यांना घोषणांचे फलक रंगवायला लावत. मी परिवर्तनाची भाषा करणारी मुलगी, रोज सकाळी दाराबाहेर उकिडवी बसून सरड्याची विष्ठा काडीने उकलत होते. तेही बाईंनी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. "तू बघ. तू नीट बघतेस," म्हणाल्या. मी ते वाक्य अजून जपून ठेवलं आहे आणि ते कशाबद्दल होतं हे शक्यतो आठवत नाही.

मोर्च्याच्या आदल्या सकाळी घमेल्यात पाण्याचा रंग बदलला आणि त्यात काहीतरी हललं. फीत. चुरगळलेली, लाल रंग विटून विटेसारखा झालेला, एक टोक डॉक्टरांच्या कात्रीने सरळ कापलेलं. पूर्ण होती. अध्यक्ष घमेल्यातून बाहेर आले, अंग झटकलं आणि ओल्या पायांनी थेट सुपाकडे गेले. सूप रिकामं होतं. त्यांनी वळून बाईंकडे बघितलं आणि मान हलवली.

बाई रडल्या. गिरणी संपात घर गेलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या असं लोक सांगतात. मी विचारलं, "बाई, पाणी आणू?" त्या म्हणाल्या, "जास्वंद आण."

ती फीत बाईंनी साबणाने तीनदा धुतली, उन्हात वाळवली, इस्त्री केली आणि मोर्च्यात स्वतःच्या छातीवर लावली. मला ती हवी होती. मी विचारलंही. "तुझी तुला आहे की नवी," बाई म्हणाल्या. माझी नवी होती, चकचकीत होती, आणि तिला काही किंमत नव्हती.

दवाखाना झाला. अर्ध्या जागेवर झाला, उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही अजून भांडतो आहोत. बाई मात्र इथे नाहीत. साताऱ्याकडच्या डोंगरात धरणामुळे उठवलेल्या गावांसाठी काम करायला त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. तिथली थंडी अध्यक्षांना सोसली नसती. म्हणून त्यांना माझ्याकडे ठेवून गेल्या. बुटकं स्टूलसुद्धा दिलं. ते माझ्या खिडकीखाली आहे. ऊन येतं. त्यावर मी बसत नाही.

बाईंची पत्रं येतात. पहिल्या ओळीत 'त्याला ऊन मिळतं का', दुसऱ्या ओळीत 'फुलांवर औषध मारलेलं नाही ना बघ', आणि मग धरणाचं सगळं. एकदा शेवटी 'तू लिहितेस ना' असं होतं. ते पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो नुसता बसून राहिला.

तर वाचकहो, प्रत्येक पत्रकाच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं, तसं मीही मागते. तुमच्या घरी कुठल्याही जनावराच्या तोंडातून दोरा, फीत, रबर लोंबताना दिसलं तर ओढू नका. ऊब द्या आणि डॉक्टर गाठा. आणि तुमच्यापैकी कुणी साताऱ्याकडच्या त्या डोंगरात गेलंच, पांढऱ्या कापलेल्या केसांची, टायरच्या चपला घातलेली बाई दिसली, तर तिला आधी सांगा की अध्यक्ष मजेत आहेत. ते ऐकल्याशिवाय ती पुढचं काही ऐकणार नाही. मग आनंदाने धरलेला तुमचा हात तिने सोडायच्या आत तिला माझं सांगा.